तबकड्या आणायला कुंभार पिंपळगावला

लोक जालन्याला बियाणं घ्यायला जातात, लोखंडी सळया घ्यायला जातात, मोसंबीचा भाव बघायला जातात. आम्ही गाण्यांच्या जुन्या तबकड्या घ्यायला गेलो. यातलं 'आम्ही' नुसतं शिष्टाचाराचं आहे. तबकड्या माझ्या नवऱ्याला हव्या होत्या. मी सोबत गेले, कारण एकटे गेले असते तर यांनी तबकड्यांबरोबर त्या घरातलं कपाटही उचलून आणलं असतं.

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर कुणी बागकाम करतं, कुणी सकाळी टेकडीवर जाऊन मोठमोठ्यानं हसतं. आमच्या यांना जुन्या तबकड्यांनी गाठलं. नाट्यपदं, भावगीतं, कव्वाल्या, आणि हे शाळेत जायच्याही आधीची सिनेमाची गाणी. आमच्या पुण्याच्या घरात एका खोलीत आम्ही राहतो, एका खोलीत स्वयंपाक होतो आणि सगळ्यात हवेशीर खोलीत तबकड्या राहतात. जे गाणं फोनवर फुकट वाजतं, ते ओरखड्यांसकट ऐकायला माणूस किती कष्ट घेऊ शकतो, हे मी रोज बघते. तबकडीचा आवाज उबदार असतो म्हणतात. थंडीत मला तरी शालच लागते.

डिसेंबरात यांना एक फोन आला. पलीकडे बाईमाणूस होतं. जुन्या तबकड्या हव्या आहेत असा निरोप यांनी कुठल्याशा ग्रुपवर टाकला होता, तो फिरत फिरत कुंभार पिंपळगावच्या गयाबाईंच्या मुलापर्यंत गेला होता. गयाबाई एवढंच म्हणाल्या, "लई रेकॉर्डी हैत. येऊन न्या." यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या लग्नात आलं नव्हतं.

नवीन जालना

गाडीची मागची सीट आडवी करून यांनी रिकामे खोके भरले होते, त्यामुळे माझी बॅग पुण्यापासून माझ्याच मांडीवर होती. स्टेशनाजवळच्या लॉजवर उतरलो. सगळीकडे बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्या, बँका, रिक्षा आणि मोटारसायकली. कापसाचं बियाणं, मक्याचं, भेंडीचं. उद्या काय उगवेल यावर हे अख्खं गाव पोट भरतं. आणि आम्ही त्यात सत्तर वर्षांपूर्वी वाजून गेलेलं विचारत फिरत होतो.

पिंपळगावला जाण्याआधी यांना जालन्यातलेच एक संग्राहक बघायचे होते, पारसमलशेठ. अडत्याचं दुकान, मागे घर. कित्येक पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं कुटुंब. शेठजींनी आधी आम्हाला जेवायला बसवलं, कारण सूर्यास्तानंतर त्यांच्याकडे चूल पेटत नाही. कांदा-लसूण नसलेली बेसनाच्या गट्ट्यांची भाजी इतकी चविष्ट असू शकते, याचा मला घरी गेल्यावर विचार करावा लागला. मग हात स्वच्छ पुसवून त्यांनी आम्हाला एका एसीच्या खोलीत नेलं.

स्टीलची कपाटं. प्रत्येक तबकडी प्लॅस्टिकच्या पिशवीत, प्रत्येक पिशवीला नंबर, सगळीकडे डांबराच्या गोळ्यांचा वास. शेठजींनी पांढरे हातमोजे घातले आणि एकेक तबकडी आमच्यासमोर धरली, तान्हं बाळ दाखवतात तशी. हे हळूहळू खुर्चीच्या टोकाशी आले.

"एखादी वाजवता का?" मी विचारलं. मला वाटलं, पाहुण्यांनी असं विचारायचं असतं.

शेठजी दचकले. "वाजवायच्या न्हाईत, भाभीजी. वाजवल्यानं खराब होतात. आमच्या पिताजींनी पण कधी वाजवल्या न्हाईत. एकदा सुई लागली की माल सेकंड हँड झाला."

"मग ऐकता कशावर?"

"फोनवर," शेठजी म्हणाले. "फोनवर आवाज बिलकुल साफ येतो."

यांनी मान डोलावली, जणू कुणी उपनिषद सांगितलं. दोन तास आम्ही संगीत पाहिलं. निघताना शेठजींनी मोसंबीची पिशवी दिली आणि बजावलं, "गाडीत तबकड्यांवर ऊन येऊ देऊ नका." तबकड्या अजून मिळालेल्याही नव्हत्या. मोसंबी माझ्या मांडीवर आली.

जांब समर्थ

दुसऱ्या दिवशी अंबडवरून घनसावंगीकडे निघालो. जानेवारीतली सकाळ छान होती. दोन्ही बाजूंना हरभरा, ज्वारीची कणसं, मधूनच मोसंबीच्या बागा. ही सगळी शोभा आम्ही एका उसाच्या ट्रॅक्टरच्या मागून पाहिली. दोन ट्रॉल्या, त्यावर रस्त्याच्या दोन्ही कडांना टेकेल इतका ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पेटीएवढे दोन स्पीकर. त्यातून जे वाजत होतं त्यात गाणं किती आणि धक्के किती, ते मला सांगता येणार नाही. गाडीच्या काचा थरथरत होत्या.

यांनी खिशातून कापूस काढून कानांत घातला. हे कापूस जवळ बाळगतात, लग्नसमारंभांत लागतो. "हा गुन्हा आहे," हे म्हणाले. काय गुन्हा आहे ते मी विचारलं, पण कानांत कापूस होता.

ट्रॅक्टर वळेना म्हणून आम्हीच जांब समर्थकडे वळलो. समर्थांच्या जन्मगावी देवळात गर्दी नव्हती. मी दर्शन घेतलं, सभामंडपात गार फरशीवर जरा टेकले. इतकी शांतता होती की आपण दोन दिवस किती आवाज सहन केला ते कळलं. हे आत आले, हात जोडले आणि लगेच घड्याळ बघितलं. रामदासांनी सांगितलेला विवेक आमच्याकडे अजून पोचायचा आहे. मी मुद्दाम आणखी एक प्रदक्षिणा घातली.

कुंभार पिंपळगाव

आठवडी बाजार भरला होता. भाजीचे ढीग, बांगड्या, विळ्या-खुरपी, गूळ. गाडी पुढं जाईना. एका शिंप्याला रंगनाथरावांचं घर विचारलं. रंगनाथराव म्हणजे गयाबाईंचे यजमान.

"गाण्यावाल्या अण्णांचं ना?" शिंपी मशीन न थांबवता म्हणाला. "आवाजानी जा."

आम्ही कान दिला. बाजाराच्या कलकलाटावरून खरोखरच एक कव्वाली येत होती. टाळ्या, पेटी, आणि मध्ये मध्ये खर्रकन काहीतरी ओढल्यासारखा आवाज.

"रोज असतं?" मी विचारलं.

"रोज. कव्वाली लागली म्हंजे जेवणाची वेळ झाली. नाटकाचं गाणं लागलं की पोरं शाळंतून येतात. लाईट गेली तरच बंद."

आमच्या पुण्यात हे आवाज जरा वाढवतात तर सोसायटीची सूचना येते, दारावर चिकटवलेली, तीन सह्यांची. इथे एका गावाची वेळ एका माणसाच्या तबकड्यांवर चालली होती आणि कुणाचं काही म्हणणं नव्हतं. हे भारावले. "बघितलंस? रसिक गाव आहे," असं म्हणून यांनी कानातला कापूस काढला.

घर सिमेंटचं, पुढे मोठं अंगण, बाजूला ट्रॅक्टर उभा. रंगनाथराव ऐंशीच्या आसपासचे, धोतर-टोपीतले, उंचेपुरे. आम्हाला बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी यांना मिठीच मारली. "पुण्याहून ऐकायला आले. अरे वा. बसा, बसा." मागे दारात गयाबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

मैफल सुरू झाली. खोलीत भिंतीला लागून तबकड्यांच्या चळती, एक जुना रेकॉर्ड प्लेअर आणि कुठल्याशा मंडपवाल्याकडून घेतलेले दोन अजस्र स्पीकर. अण्णा त्यातल्या एकावर तळहात ठेवून बसले. मी कोपऱ्यात बसले आणि कापूस मागून घेतला.

"ही तबकडी कुठून मिळाली?" यांनी मोठ्यानं विचारलं.

"हो, हो," अण्णा म्हणाले. "यंदा बहार चांगला हाय."

"नाही, ही कव्वाली. हैदराबादकडची दिसते."

"दोन बोअर हैत. पाण्याचं टेन्शन न्हाई."

हे तासभर असंच बोलत होते आणि अण्णा तासभर असंच उत्तर देत होते. समोरच्या माणसाला ऐकू येत नाही हे आमच्या यांच्या लक्षात आलं नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. घरी यांची संभाषणं साधारण अशीच असतात. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

गयाबाई बाजरीची भाकरी थापत होत्या. मला पाट दिला, ताटलीत हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली आणि म्हणाल्या, "त्यांना काही ऐकू येत न्हाई, ताई. तीन-चार वर्षं झाली."

"मग हे एवढं मोठ्यानं?"

"हात ठिवून बसतात ना पेटीवर. हातानी ऐकतात म्हणे." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. तेवढ्यात अण्णा पाणी प्यायला आत आले. गयाबाईंनी त्यांच्याकडे बघून, आवाज जराही कमी न करता मला सांगितलं, "हा माणूस सकाळी खोलीत जातो तो जेवायला हात धरून आणावा लागतो. डोकं उठलं माझं. अख्ख्या गावाला गाणं ऐकवून राह्यला, अन् बायकू मेली का जिती हाय ते ठाव न्हाई."

अण्णा माझ्याकडे बघून प्रेमानं हसले. "चांगला स्वयंपाक करती," ते म्हणाले आणि पाणी पिऊन गेले.

मला हसू आलं, मग आलं नाही. गयाबाईंचा मुलगा जालन्याला बियाण्याच्या कंपनीत, सून तिकडेच. वडिलांसाठी कानाचं मशीन त्यानंच आणलं होतं. अण्णांनी ते एक दिवस घातलं, डोक्यात पिठाची गिरणी सुरू झाली म्हणाले आणि सुपारीच्या डब्यात ठेवून दिलं. तेव्हापासून त्या घरात फक्त गयाबाई बोलत होत्या आणि फक्त भिंती ऐकत होत्या.

"त्यांनी विकायला काढल्यात का पण तबकड्या?" मी विचारलं.

"त्यांना काय ठाव. मी बोलावलं तुम्हाला." भाकरी फुगली. "रेकॉर्डी गेल्या म्हंजे खोलीत बसून काय करतील? बाहीर येतील. माझ्याजवळ बसतील. पैसे नका देऊ, ताई. नुसत्या न्या."

त्यांनी मगाशी दारातून हलवलेल्या मानेचा अर्थ आता माझ्या लक्षात आला: अण्णांसमोर काही बोलू नका. यांना सावध करावं म्हणून मी हात झटकून उठले, पण उशीर झाला होता. हे गाडीतून खोके घेऊन येत होते. चेहऱ्यावर मुंजीतल्या बटूचा आनंद.

यांनी खोके खोलीत मांडले. कव्वाली वाजत होती. अण्णांनी खोक्यांकडे पाहिलं, मग यांच्याकडे.

"हे कशाला?"

"न्यायला," हे ओरडले. "वहिनींनी फोन केला होता."

ओठांवरून अण्णांना 'फोन' आणि 'वहिनी' एवढं कळलं असावं. स्पीकरवरचा हात त्यांनी काढून घेतला आणि ते दारात आलेल्या गयाबाईंकडे वळले. "तू बोलावलं यांना?"

गयाबाईंनी मान डोलावली.

"काहून?"

मग गयाबाई बोलल्या. पदर तोंडाशी धरून, भरभर, न थांबता. अण्णा त्यांच्या ओठांकडे बघत होते, कपाळाला आठ्या घालून. सगळं निसटत होतं. शेवटी त्यांनी हात वर केला.

"थांब जरा."

ते कपाटाकडे गेले. सुपारीचा डबा काढला, त्यातून ते छोटंसं मशीन काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं. त्यांच्या जाड बोटांना ते जमेना. इथे आमचे हे पुढे झाले. यांना माणसांचं फारसं कळत नाही, पण यंत्र दिसलं की हात आपोआप चालतात. आधी गाण्याचा आवाज बारीक केला, मग सेलचं झाकण उघडून साफ केलं, डब्यातल्याच पाकिटातला नवा सेल बसवला, कानात घातलं, बटण फिरवलं. मशीन शिट्टीसारखं किंचाळलं आणि अण्णांनी डोळे मिटले. मग ते किंचाळणं थांबलं.

"आता बोल," अण्णा म्हणाले.

दिवसभर अखंड बोलणाऱ्या गयाबाई भिंतीला टेकल्या आणि खाली बघत राहिल्या. मग पुटपुटल्या, "लोकं बसले हैत."

"आलं ऐकू," अण्णा म्हणाले.

मीही खाली बघितलं. आमच्या यांनीसुद्धा एक खोका पायानं बाजूला सारला, याची मी नोंद ठेवली आहे.

कव्वाली मात्र बारीक आवाजात वाजतच होती. अण्णांचं लक्ष तिकडे गेलं. त्यांनी मान कलती केली. "हे काय वाजून राह्यलं?"

"तीच तबकडी, अण्णा. तुम्हीच लावलेली," हे म्हणाले.

"न्हाई. ही न्हाई." ते प्लेअरजवळ गेले, तबकडी काढून वाचली, परत लावली. खरखर, ओढल्यासारखा आवाज, मागून कुठेतरी विहिरीतून आल्यासारखी टाळी. दुसरी लावली. तिसरी लावली. ती त्यांच्या वडिलांनी हैदराबादहून आणली होती, लहानपणी ते तिच्यासाठी भांडले होते. तीही तशीच.

यांनी समजावून सांगायला सुरुवात केली. सुई कशी झिजते, झिजलेली सुई तबकडीचे चर कसे खाते, वर्षानुवर्षं तीच सुई ठेवली तर काय होतं. हे व्याख्यान मला पाठ आहे. अण्णांनी अर्ध्यातच थांबवलं.

"म्हंजे हे खराब झालं. मी न्हाई," ते म्हणाले.

"हो, तसंच."

अण्णांनी डोक्याला बोट लावलं. "इथं हाय ते बराबर हाय. चार वर्षं मी तेच ऐकत बसलो होतो. हे न्हाईच." आणि मग, जेवायला चला म्हणावं इतक्या सहज, "घेऊन जा सगळ्या."

मला वाटलं होतं, आता आमचे हे मोठ्या मनानं नको म्हणतील. हे म्हणालेही. 'नको, नको, अण्णा, असं कसं' असं म्हणत म्हणतच यांनी डिकी उघडली.

अण्णा स्वतः एकेक तबकडी हातात देत होते. काहींच्या वेष्टनाकडे जरा बघत, एकदोन ओळी गुणगुणत. सुरात होत्या की नाही मला कळत नाही, पण त्यात खरखर नव्हती. गयाबाईंच्या मनासारखं झालं होतं, तरी त्यांचा चेहरा उतरला होता. खोली रिकामी होत आली तशा त्या पुढे आल्या. "समद्या कशाला देता? एखादी ठिवा. दिवसभर काय ऐकाल?"

"तू बोलशील ना," अण्णा म्हणाले.

जेवून निघालो. भाकरी, भरीत, ठेचा. ठेच्यानं यांच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि अण्णांना वाटलं, तबकड्या मिळाल्याच्या आहेत. ते यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. यांनी तो गैरसमज दूर केला नाही.

आम्ही गाडीत बसलो तेव्हा अण्णा अंगणातल्या बाजेवर होते. समोर गयाबाई बाजारातून आलेली मेथी निवडत होत्या. रस्त्यावरून ऊस घेऊन एक ट्रॅक्टर गेला, स्पीकरसकट. अण्णा खांदे आखडून म्हणाले, "हे असं रोज असतं?"

"रोज," गयाबाई म्हणाल्या.

अण्णांचा हात कानाकडे गेला. मी बघत होते. हात तिथेच थांबला, मग खाली आला. "बरं. बोल आता. गेले पाहुणे," ते म्हणाले. आम्ही अजून फाटकातच होतो.

"एकदम कुठून सुरू करू?" गयाबाई मेथीत बघत म्हणाल्या. पुढचं ऐकू आलं नाही, कारण यांनी गाडी सुरू केली.

पुणे

त्या तबकड्या आता आमच्या हवेशीर खोलीत आहेत. नवी सुई, महागडं यंत्र, तरी त्या खरखरतातच. हे हेडफोन लावून ऐकतात, म्हणतात त्या खरखरीलाही इतिहास आहे. मी दारात उभी राहून जेवायला चला म्हणते, मग गॅसचं बिल म्हणते, मग मुलीचा फोन आला होता म्हणते. यांचे कान उत्तम आहेत, त्यामुळे मशीन बसवायची सोय नाही.

मागच्या आठवड्यात गयाबाईंचा फोन आला. तक्रार होती. "ताई, सगळंच ऐकू येऊन राह्यलं त्यांना. शेजारणीशी दोन शब्द बोलायची चोरी झाली. भांडं आपटलं तरी विचारतात, काय झालं. मी मनातलं मोठ्यानं बोलते हे मलाच ठाव नव्हतं." मी म्हटलं, तबकड्या परत पाठवू का? त्या एकदम म्हणाल्या, "नका, नका. तिकडंच राहू द्या." मग त्यांनी मोसंबीचं सांगितलं, सुनेचं सांगितलं, गुडघ्याचं सांगायला घेतलं. मला वाटलं, आता अर्धा तास तरी जातो. मी खुर्ची ओढून बसले.

मागून अण्णांचा आवाज आला. काय म्हणाले ते मला कळलं नाही.

"ठिवते, ताई," गयाबाई घाईनं म्हणाल्या. "हे काहीतरी बोलून राह्यले."